साइन कर वं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी त्यांना फोनवरच सांगितलं, की तुम्ही चुकीच्या बाईला विचारताय. दिव्यांच्या सणाला दिवे लावणारं कोणीतरी शोधा. माझी नोकरी दिवे विझवण्यात गेली. ते म्हणाले, "मग तेच लिहा." आता लिहितेय तर वाचून घ्या.

मी एका नगरपंचायतीत दिवाबत्ती पर्यवेक्षक होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं ठणठणीत आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. चंद्रपूर जिल्ह्यात, सावली आणि सिंदेवाहीच्या मधल्या धानपट्ट्यात कुठेतरी, इतकं पुरे. एका अंगाला जंगल, एका अंगाला तलाव आणि उरलेल्या सगळ्या बाजूंनी धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारही बाजूंनी मातीचा धुरा घातलेला धानाचा तुकडा, हे बाहेरच्या वाचकांसाठी. कागदोपत्री माझं पद भारदस्त होतं, पण गावात मी बत्तीमॅडम. लहान पोरं नुसतंच "बत्ती" म्हणायची आणि पळायची.

बऱ्याच लोकांना वाटतं, की रस्त्यावरचा दिवा संध्याकाळी आपणहून लागतो, किंवा नगरपंचायतीचा माणूस खांबाखांबाशी जाऊन बटन दाबतो. तसं नसतं. गावाचे भाग पाडलेले असतात, प्रत्येक भागाची एक लोखंडी पेटी असते आणि पेटीत एक घड्याळ असतं. आमच्या काळच्या घड्याळाला गोल तबकडी आणि तबकडीवर दोन खुंट्या. एक खुंटी दिवे लावायची, दुसरी विझवायची. खुंटी जिथे बसवली तिथेच राहते. सूर्य मात्र राहत नाही, आणि माझी सगळी नोकरी या एका भानगडीवर चालली.

खुंटी तशीच ठेवली तर हिवाळ्यात दिवे लागायच्या आधीच अंधार पडतो आणि लोक नालीत पडतात. उन्हाळ्यात सकाळी सूर्य डोक्यावर यायला निघालेला असतो आणि दिवे आपले जळत असतात. नालीत पडलेला माणूस एकदा तक्रार करून घरी जातो. दिवसा जळणारा दिवा पाहिलेला माणूस मात्र आठवडाभर फोन करतो. "मॅडम, तुमचे लाइट उन्हात जळून राह्यले, सूर्य दिसून नाई राह्यला का तुमाले?" असा फोन मी किती वेळा ऐकला असेल. माझ्या आधीचे पर्यवेक्षक वर्षातून दोनदा खुंटी हलवायचे, होळीला आणि दिवाळीला. मधलं वर्ष गावानं निभावून न्यायचं, अशी पद्धत होती.

मी चंद्रपुरातून विजेचा डिप्लोमा केलेला. विजेच्या माणसाला साइन नावाची वक्ररेषा नवी नसते. तारेतला प्रवाह तेच करतो, वर चढतो, खाली उतरतो, पुन्हा वर, सेकंदाला पन्नास वेळा. दिवसाची लांबीही तेच करते, फक्त एक फेरी पुरी करायला वर्ष लावते. म्हणून मी एका जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आमच्या गावच्या दिवसाची रेघ काढली. आपल्या भागात दिवस बारा तासांच्या जरासा वरच्या एका मध्याभोवती झुलतो, सव्वा तासाच्या आसपास वर आणि तितकाच खाली. जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या पुढे जातो, डिसेंबरात अकराच्या आत येतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तो मध्यातून वर निघतो. मध्य, उंची, एका फेरीचा काळ आणि निघायची जागा एवढं ठाऊक असलं, की वर्षातल्या कुठल्याही दिवशी उजेड किती ते काढता येतं.

हे समजायला गणित यावं लागत नाही, झोका खेळलेला असला की पुरे. झोका टोकाला गेला की थांबल्यासारखा होतो आणि मधून जाताना सुसाट जातो. दिवसाचंही तसंच आहे. जून आणि डिसेंबर ही टोकं, तेव्हा महिना महिना खुंटीला हात लावावा लागत नाही. मार्च आणि सप्टेंबरात तो मधून सुटतो, तेव्हा दर आठवड्याला पेट्या उघडाव्या लागतात. मी तो कागद माझ्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवला. आमच्या बाबूंनी त्याचं नाव "मॅडमचा साप" ठेवलं, आणि नागपंचमीला कोणीतरी त्याच्या फण्याशी, म्हणजे जूनच्या टोकाशी, जास्वंदीचं फूल खोचून ठेवलं. मी ते फूल काढून पाण्याच्या पेल्यात ठेवलं आणि कामाला लागले.

सापानं मला एकदा तोंडघशीही पाडलं. एका जानेवारीत भरदुपारी आमचे निवृत्त मुख्याध्यापक ऑफिसात आले. हातात पेटलेली टॉर्च. सरळ माझ्या तोंडावर मारली आणि म्हणाले, "दिसून राह्यलो का मी, बाई? मले त सकाळी काहीच दिसत नव्हतं." गुडघ्याला पट्टी होती. सकाळी फिरायला निघालेले गुरुजी माझे दिवे विझल्यावर अंधारात दगडावर आपटले होते.

चूक अशी झाली होती, की दिवस वाढला तेवढी वाढ मी अर्धी सकाळला आणि अर्धी संध्याकाळला वाटून टाकली होती. कापड बरोबर मोजलं होतं, पण शिवण सरकलेली होती. आपल्याकडे डिसेंबर संपताना दिवस मोठा व्हायला लागतो हे खरं, पण ती वाढ सगळी संध्याकाळच्या पदरात पडते. जानेवारी अर्धा सरेपर्यंत सूर्य सकाळी उलट जास्तच उशिरा उगवत जातो. दिवस किती मोठा ते रेघ सांगते, तो कुठे सरकून बसलाय ते सांगत नाही. हे सगळं मी गुरुजींना कागदावर समजावून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे चूक सूर्याची हाय. मंग त्याले नोटीस काढा." तेव्हापासून मी सकाळची आणि संध्याकाळची खुंटी वेगवेगळी लावू लागले, आणि गुरुजी टॉर्च घेऊनच फिरू लागले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना चौकात हायमास्ट आला.

हायमास्ट म्हणजे तो उंच खांब, ज्याच्या डोक्यावर गोलाकार बसवलेले मोठमोठे दिवे असतात. आमचे नगरसेवक दिलीपभाऊ यांनी तो खटपट करून आणला. खांबावर "धोका" अशी पाटी होती आणि तिच्यावर तिच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत दिलीपभाऊंचं नाव होतं. उजेड असा, की बाया चौकात बसून तांदळातले खडे वेचायच्या. गावाला त्याचा फार अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, पहिल्या संध्याकाळी मलाही वाटला.

चौकाला लागूनच, रस्त्याच्या पलीकडे, अंजनाबाईंची बांधी होती. अंजनाबाई साठीच्या पुढच्या, एकहाती शेती ओढलेल्या. आमचं दोघींचं एकाच बुद्धविहारात जाणं-येणं, आणि पौर्णिमेला त्या माझ्याच शेजारी बसायच्या. त्यांच्या बांधीत चिन्नोर असायचा, आपला जुना वासाचा धान. बाकी सगळ्या गावानं लवकर निघणारे नवे धान धरले होते. चिन्नोरला उशीर लागतो, म्हणून तो कोणी लावत नव्हतं. अंजनाबाई मात्र दर वर्षी स्वतःचंच बी राखून लावायच्या. गावात ते बी आणखी कोणाकडेच नव्हतं.

हायमास्ट आला त्याच वर्षी त्यांच्या बांधीला काहीतरी झालं. दिवाळीच्या तोंडावर आजूबाजूचे धान पिवळे पडले, चिन्नोरचाही लांबचा भाग लोंबीनं वाकला, पण चौकाकडच्या बाजूला धान हिरवागार, कमरेइतका आणि बिनलोंबीचा उभा राहिला. खत घालून झालं, औषध मारून झालं. लोक म्हणू लागले, जमीन नासली. शेवटी तेवढा धान हिरवाच कापून बैलांना घातला.

अंजनाबाईंचा मुलगा प्रमोद, त्याचं चौकातच मोबाइलचं दुकान. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला जमिनीपेक्षा जागा दिसायची. प्लॉट पाडणारा एकजण त्याच्या मागे लागला होता. जमीन आईच्या नावावर, म्हणून सही तिची हवी. प्रमोद रोज जेवताना तेच सुरू करायचा. "माय, जमिनीत दम नाई आता. कायले धरून बसली? साइन कर वं." शेजारच्या घरात भिंतीला कान लावायची गरज नव्हती, रस्त्यावरून जाताना ऐकू यायचं. पुढच्या वर्षीही बांधी पिकली नाही तर माय सही करेल, असं त्यानं प्लॉटवाल्याला सांगून टाकलं होतं, आणि अंजनाबाईंनीही वैतागून त्याला हो म्हटलं होतं.

हे कोडं सुटलं ते पाण्याच्या टाकीवर, हिरवा धान कापायच्या आधी. हायमास्टचे सगळे दिवे लागतात का ते बघायला मी आणि आमचे वायरमन मडावीभाऊ दिवेलागणीला टाकीवर चढलो होतो. मडावीभाऊ जंगलातल्या गावचे, कमी बोलणारे. दिवे लागले. उजेडाचा गोल रस्ता ओलांडून अंजनाबाईंच्या बांधीत पडला, आणि जिथे उजेड संपत होता तिथेच हिरवा धान संपून पिवळा सुरू होत होता.

मडावीभाऊ म्हणाले, "मॅडम, हे आपल्याच लाइटचं काम दिसते."

बारावीला जीवशास्त्रात एक धडा होता, तो मला त्या शिडीवर आठवला. काही झाडं दिवस लहान होईपर्यंत फुलत नाहीत. जुना धान त्यातलाच. तो आषाढात लावा की श्रावणात, रात्री पुरेशा लांब झाल्याशिवाय लोंबी धरत नाही. नव्या धानांना त्याची पर्वा नसते, ते आपले ठरल्या दिवसांत पिकतात, म्हणून शेजारच्या बांध्यांना काही झालं नव्हतं. चिन्नोर बिचारा रात्र लांबायची वाट पाहत होता आणि माझं घड्याळ रोज सूर्य मावळला की त्याच्या डोक्यावर दुसरा सूर्य लावत होतं. साऱ्या गावाचा सप्टेंबर चालू असताना त्याच्यासाठी आम्ही जूनच धरून ठेवला होता. मला हसूही आलं आणि लाजही वाटली. नासली ती जमीन नव्हती, आणि एक बाई तेवढ्यासाठी जमीन सोडायला निघाली होती.

त्या वर्षी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण पुढच्या वर्षीचं मी सापावर बघून ठेवलं. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत रेघ मध्यातून सर्वांत वेगानं उतरते, तेवढ्या दिवसांत हायमास्ट बंद राहिला तर धान वेळेवर लोंबी धरेल. अर्धेच दिवे बंद करू म्हटलं तर सगळ्यांची तार एकच होती. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी मुख्याधिकारी साहेबांना विचारलं, कारण दिवा बंद होईल हे कळल्याशिवाय अंजनाबाईंना फुकटची आशा लावायची नव्हती. ते म्हणाले, "असा कसा बंद करता येईल? ज्या बाईचं शेत, तिचा अर्ज पाहिजे, सहीनिशी."

श्रावणात मी कागदाची गुंडाळी घेऊन अंजनाबाईंच्या घरी गेले. त्या ओसरीत सूप घेऊन बसल्या होत्या. "ये वं मॅडम, बस," म्हणाल्या. मी सतरंजीवर बसले, गुंडाळी उलगडली आणि मोठ्या हौसेनं म्हटलं, "बाई, हा आपल्या गावचा साइन कर्व."

अंजनाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तुले बी त्यानंच धाडलं का?"

"कोणी?"

"माह्या पोरानं. तो बी सकाळ-संध्याकाळ हेच म्हणते, साइन कर वं, साइन कर वं. आता तू बी येऊन साइन कर वं म्हणून राह्यली."

"तसं नाही बाई. कर्व. साइन कर्व."

"आयकू आलं मले. भैरी नाई मी. इतक्या लोकाईत तुले शहाणी समजत होती."

आमच्याकडे बाईमाणसाशी बोलताना वाक्याच्या शेवटी "वं" लागतो, प्रेमानं आणि रागानंही. गणितात जो शब्द वक्ररेषेचा, तो त्या घरात भांडणाचा होता. मी बाहेर आले तेव्हा माझ्या हातात साप होता आणि मागे दाराची कडी वाजली. त्या पौर्णिमेला विहारात अंजनाबाई माझ्या शेजारी न बसता पलीकडच्या रांगेत जाऊन बसल्या. मला वाईट वाटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला, म्हणून त्याचाही राग आला.

पुढच्या खेपेला मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. अंजनाबाई बांधीत निंदण करत होत्या. मी धुऱ्यावर बसले, काडी घेतली आणि ओल्या मातीत रेघ काढायला लागले. त्यांनी थोडा वेळ पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, मग कंबर सरळ करून आल्या.

"हे काय काढून राह्यली?"

"हा दिवस. ऑफिसात याला साप म्हणतात. इथे जून, सगळ्यात वर. ही उतरण. हा पोळा, हा दसरा, आणि इथे खाली डिसेंबर. तुमचा चिन्नोर या उतरणीवर लोंबी धरतो. आमचा हायमास्ट त्याला इथे वरच अडकवून ठेवतो. लांबच्या धानाला लोंबी आली, जवळच्या धानाला आली नाही, ते एवढ्यासाठी."

त्यांनी हायमास्टकडे पाहिलं, मग बांधीकडे, मग मातीतल्या रेघेकडे.

"म्हंजे जमीन नासली नाई?"

"नाही."

"धानाले झोपूच देलं नाई म्हणा तुमच्या लाइटनं." असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे पुसले. "मी सांगून राह्यली होती त्याले, जमीन चांगली हाय म्हणून. पण लोंबीच नाई त कोण आयकते."

मी काडीनं तीच रेघ पुन्हा गिरवली. माझ्या खात्याचा दिवा होता.

मग त्यांनी विचारलं, "या सापाचं नाव काय म्हटलं तू?"

"साइन."

"आन् कागदावर करतेत ते?"

"तेही साइन. पण त्याला सही म्हणा."

"मंग दोन साइन हायेत त." असं म्हणून त्या पहिल्यांदा हसल्या. मातीतल्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, वरून खाली आणि खालून वर. अर्ज मी लिहून आणलाच होता. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर करत केली. पुढच्या पौर्णिमेला त्या पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसल्या.

अर्ज साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "दिलीपभाऊंनी आणलेला खांब आहे, त्यांना विचारून घ्या." दिलीपभाऊ म्हणाले, "एका बाईच्या धानासाठी चौक अंधारात ठेवू? लोक काय म्हणतील मले?" मी "बरं भाऊ," म्हटलं आणि आले. माझा नवरा म्हणतो, मी "बरं" म्हटलं की समोरच्यानं सावध व्हायला पाहिजे.

तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून आणतात, त्यांना बक्षिसं देतात. आमच्याकडे बक्षिसं दिलीपभाऊंच्या हस्ते, हायमास्टच्या खाली. त्या सकाळी मी मडावीभाऊंना दिव्यांच्या काचा पुसून घ्यायला सांगितल्या.

"पोळ्यासाठी का मॅडम?"

"हो. भाऊंचा कार्यक्रम आहे. चांगल्या लख्ख पुसा."

धानपट्ट्यात त्या दिवसांत संध्याकाळी दिव्याखाली काय होतं हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. बांध्यांतले सगळे किडे उठून दिव्याकडे येतात, हिरवे, काळे, पंखवाले, बिनपंखाचे. माझं घड्याळ वेळेला अगदी पक्कं. सूर्य मावळला, दिवे लागले आणि दिलीपभाऊंचं भाषण नुकतंच रंगात आलं. "या हायमास्टच्या रूपानं विकासाचा उजेड..." इथपर्यंत ते आले, आणि उजेड म्हणताना उघडलेल्या तोंडात एक जाडजूड किडा गेला. माईक चालू होता. भाऊ खोकले, ठसकले, पाणी प्याले आणि ते सगळं पार तलावापर्यंत ऐकू गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं भाऊ नकला करतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ स्वतः ऑफिसात आले. "मॅडम, तो मोठा लाइट काही दिवस बंदच ठेवा. किडे भल्ले झाले."

"किती दिवस, भाऊ?"

"तुम्हीच सांगा."

मी मागे वळून सापाकडे पाहिलं, विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "दसऱ्यापर्यंत." अंजनाबाईंचा अर्जही मग त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर त्यांनी "शिफारस" असं लिहिलं.

चौकातल्या जुन्या खांबांना आम्ही बांधीच्या बाजूनं टिनाची झाकणं लावली आणि तेवढे चालू ठेवले. गणपतीचा मांडव चौकाच्या दुसऱ्या टोकाला होता, तिथला उजेड बांधीपर्यंत पोहोचत नव्हता. तरी कुरकुर झाली. सगळ्यात जास्त प्रमोदची. "मॅडम, गिऱ्हाईक येऊन नाई राह्यलं. तुमच्या प्रयोगापायी माह्यं दुकान बसून राह्यलं." गुरुजी मात्र टॉर्च हलवत चौकातून ऐटीत फिरायचे आणि माझ्यासमोर आले की ती एकदा माझ्या तोंडावर मारायचे.

मला त्या दिवसांत नीट झोप लागत नव्हती. गणित बरोबर होतं, पण गुरुजींच्या वेळीही ते बरोबरच होतं. दसरा झाला आणि चार-आठ दिवसांत चिन्नोर निसवला, सगळी बांधी एकसारखी लोंबीवर आली. चौकात उभं राहिलं की वास यायचा. हायमास्ट पुन्हा सुरू झाला तेव्हा धानाचं काम होऊन गेलं होतं. अंजनाबाई ऑफिसात आल्या नाहीत, त्यांनी फोनही केला नाही. एका सकाळी माझ्या टेबलावर एक लोंबी ठेवलेली होती, सापाच्या बरोबर खाली.

नवा तांदूळ झाला तेव्हा त्यांनी मला आणि मडावीभाऊंना जेवायला बोलावलं. दुपारची वेळ. भात निवत ठेवला होता आणि घरभर वास होता. इतक्यात प्लॉटवाला आला, हातात स्टँपपेपर. त्याचं म्हणणं, प्रमोदनं गेल्या वर्षीच शब्द दिलाय, कागद तयार आहे, फक्त सही राहिली. पीक आलं काय आणि नाही काय, शब्द तो शब्द. प्रमोद उंबऱ्यात उभा होता. त्यानं पिकलेली बांधी पाहिली होती, पण चौकात तोंड दाखवायचं होतं. तो खाली बघून म्हणाला, "माय, आता बोलून चुकलो मी. साइन कर वं."

मडावीभाऊ माझ्याकडे बघायला लागले. अंजनाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आण."

पेन घेतलं. कागद मांडीवर पसरला. मग त्यांनी डावीकडच्या कडेपासून सुरुवात केली आणि सावकाश एक लांबलचक रेघ ओढली, वर नेली, खाली आणली, पुन्हा वर, सगळ्या अटी-शर्तींवरून, चतुःसीमेवरून, थेट उजव्या कडेपर्यंत.

"घ्या. केली साइन."

प्लॉटवाल्यानं कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "आजी, हे काय होय? सही पायजे."

"त सही म्हणा ना तसं. हा पोरगा दोन वर्सापासून साइन कर वं, साइन कर वं म्हणून राह्यला. मले जे साइन येते ते केली. विश्वास नाई त मॅडमले विचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. सरकारी माणसानं तांत्रिक बाबतीत खरंच बोललं पाहिजे. मी कागद हातात घेतला, नीट निरखला आणि म्हटलं, "साइनच आहे. उंची थोडी जास्त झाली, पण साइनच आहे."

स्टँपपेपर वाया गेला. प्लॉटवाला चपला घालताना बरंच काही बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. कागद तिथेच पडला होता. प्रमोदनं तो उचलला. मला वाटलं फाडेल. तो उंबऱ्यात बसला आणि कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो हसतोय हे कळायला मला जरा वेळ लागला.

"माय," तो म्हणाला, "यात आपला धान कुठी निसवते?"

अंजनाबाई पुन्हा भात वाढायला लागल्या होत्या, त्यांनी भाताचा हात तसाच पुढे करून उतरणीवर बोट ठेवलं. तिथे तांदळाचं एक शीत चिकटलं. मग त्यांनी त्याच्यासाठी ताट वाढलं.

आता मी निवृत्त झाले. नवी घड्याळं आली आहेत, त्यांना गावाचे अक्षांश-रेखांश सांगितले की ती रोजचा सूर्य आपलाच काढतात, खुंटी नाही आणि सापही नाही. भिंतीवरचा माझा कागद रंगकामात गेला, त्याची मला चुटपुट वाटते. पण नव्या घड्याळाला धानाचं काही कळत नाही, त्याला अजून माणसानंच सांगावं लागतं. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या श्रावणात माझ्या टेबलावर एक अर्ज आला होता. विषय, पोळा ते दसरा चौकातील हायमास्ट बंद ठेवणेबाबत. खाली अर्जदार म्हणून प्रमोदची सही होती, आणि सहीच्या शेजारी, कुठे गैरसमज नको म्हणून, त्यानं एक छोटा साप काढला होता.